दुसरा फ्लॅट, पहिला भाडेकरू

कोल्हापुरात दोन विषयांवर प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो. एक म्हणजे तांबडा रस्सा आणि दुसरा म्हणजे जागा. रंकाळ्यावर भेळ खाताना, ऑफिसच्या चहाच्या टपरीवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी सांगतंच, 'कळंब्याला घे, डोळे झाकून घे.' त्यात १७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं आणि ब्रोकर मंडळींना नवा मंत्रच मिळाला. सहा जिल्ह्यांचे वकील, क्लार्क, स्टेनो, पक्षकार... सगळ्यांना राहायला जागा लागणार! एका एजंटानं तर मला फोनवरच दम भरला, 'भावा, आत्ता घेतलास तर घेतलास. नंतर हात लावू देणार न्हाईत.'

आमच्या घरात हा विषय गप्पांच्या पलीकडे गेलाय. आण्णा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदाच हातात येणार, पुन्हा येणार नाही. आण्णांना प्लॉट हवाय, मामांना वाटतं एफडी बरी आणि मी गेले चार महिने प्रत्येक रविवारी फ्लॅट बघत हिंडतोय. भाड्यानं द्यायला घ्यायचा की स्वस्तात जुना घेऊन, चकाचक करून विकायचा? या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत 'हाउस फ्लिपिंग' म्हणतात. त्याचे टीव्ही शो बघितले की वाटतं, आपणपण करू की! भिंत पाडली, किचन नवं केलं, शेवटी पाटी लागली 'सोल्ड'. एकदम सही!

तर आधी त्याच स्वप्नाचं गणित. आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत, तुम्ही तुमचे घाला. जुना टू बीएचके ४० लाखांना घेतला. स्टँप ड्युटी ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट आहे. आमच्या आईला हे कळल्यापासून ती चर्चेत जास्त भाग घेते.) रजिस्ट्रेशन फी ३० हजार. ब्रोकर एक टक्का धरला तरी ४० हजार. रंग, टाइल्स, प्लंबिंग, मॉड्युलर किचन असं साडेतीन लाखांत बसवलं. कर्ज ३० लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज अडीच लाखांच्या आसपास. मेंटेनन्स, घरफाळा आणि लाइट बिलाचे ३० हजार, विकताना परत ब्रोकरचे ५० हजार. करा बेरीज... ४९ लाख ९० हजार!

म्हणजे वर्षाच्या आत तो फ्लॅट पन्नास लाखांना गेला, तर तुम्ही फक्त बरोबरीत. वर जो फायदा होईल त्यावर टॅक्स. घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के आहे, पण महागाईची सवलत गेली. आणि 'थोडे कॅशमध्ये देतो' म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

फ्लिपिंगमध्ये ज्यांना खरंच पैसे मिळतात ते बहुतेक स्वतः कॉन्ट्रॅक्टर असतात, नाहीतर त्यांना वाटणीच्या भांडणातली जागा पडत्या भावात मिळालेली असते. नऊ ते सहा नोकरी करणाऱ्यानं गवंडी, सुतार आणि प्लंबर एकाच आठवड्यात हजर करून दाखवावेत. नाद खुळा काम आहे ते!

मग भाडं? इथं कोल्हापूरची बाजू जुनी आणि भक्कम आहे. बाहेरगावच्या पोरांना राहायला जागा देणं या गावाला शाहू महाराजांनी शिकवलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं, १९८३ मध्ये केआयटी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरीला येणारे वेगळेच. भाडेकरू मिळेल का, ही काळजी राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या आसपास फारशी नाही. काळजी आहे ती भाड्याच्या आकड्याची.

तोच ४० लाखांचा फ्लॅट महिना १२ हजारांनी दिला असं धरू. एक महिना रिकामा गेला, तर वर्षाचे १ लाख ३२ हजार. मेंटेनन्स आणि घरफाळ्याचे २४ हजार गेले, उरले १ लाख ८ हजार. स्टँप ड्युटीसकट गुंतवले ४३ लाख. म्हणजे अडीच टक्के! मामांची एफडी इथं मिशीला पीळ देऊन हसते. कर्ज काढलं असेल तर ३० लाखांचा वीस वर्षांचा ईएमआय सुमारे २६ हजार. भाडं बारा, हप्ता सव्वीस. मधले चौदा हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून, आणि नोकरी गेली तरी हप्ता येतोच.

टॅक्सची थोडी मदत आहे. घरफाळा वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या कुणी मागत नाही. कर्जाचं व्याजही भाड्यातून वजा होतं. पण भाड्यापेक्षा व्याज जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत तो तोटा दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत नाही. आपल्यापैकी बरेच जण नव्या प्रणालीत गेलेत, तेव्हा एजंट 'टॅक्स वाचतो' म्हणाला की विचारा, 'कुठल्या रेजिममध्ये?'

पोरांना कॉट बेसिसवर दिलं तर आकडा वाढतो. एका खोलीत दोन कॉट, प्रत्येकाचं भाडं वेगळं. पण मग तुम्ही घरमालक कमी आणि रेक्टर जास्त. रात्री साडेअकराला फोन येतो, 'दादा, मोटर चालू होईना.' सोसायटीतल्या काकू वेगळ्याच नाराज. तरी एक लक्षात ठेवा, भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मनाला येईल तेवढा चार्ज लावू शकत नाही. बिनभोगवटा शुल्क सेवा आकाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

करार मात्र तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. त्यात भाडेकरार लेखी आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकावर टाकलीय. केला नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, शिवाय तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. उलट 'लीव्ह अँड लायसन्स' नीट रजिस्टर असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर दुप्पट रक्कम मागता येते. हल्ली हे घरबसल्या ऑनलाइन होतं, एका सिनेमाच्या खर्चापेक्षा थोडं जास्त लागतं एवढंच. पेठेतला वाडा 'भाडेकरूसकट स्वस्तात' मिळतोय म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी तर आधी जुन्या भाडेपावत्या बघाव्यात. जुन्या संरक्षित भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढतं, आणि तो तुमच्या मुलांचाही भाडेकरू असू शकतो.

आता पाणी. कोल्हापुरात जागा घेताना पंचगंगेला विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, हायवे बंद पडला, दूध आणि पेट्रोलचीसुद्धा पंचाईत झाली. त्याआधी २००५ होतंच. मी बघितलेला एक ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट फारच स्वस्त होता, नुकताच रंग दिलेला. मामांनी आत पाऊलही टाकलं नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याकडं गेले आणि विचारलं, 'एकवीसला पाणी कुठवर आलतं?' त्यानं विजेच्या खांबावर छातीएवढ्या उंचीला हात लावला. विषय संपला.

पूररेषेचा नकाशा बघायला लाजू नका. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. या हिशेबानं कोल्हापूरचं शतक फारच पटापट संपतं. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तरी पार्किंग, मीटर आणि लिफ्ट खालीच असतात. विमा घेताना पूर त्यात धरलाय का ते वाचा. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' ही साधी पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो.

कागदपत्रांची लांबड लावत नाही. सिटी सर्व्हेत प्रॉपर्टी कार्ड, बाहेर सात-बारा आणि एनए, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि पेपरात जाहीर नोटीस. नवं बांधकाम असेल तर महारेराचा नंबर. उपनगरात एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्वस्त दिसतात, पण एनए किंवा गुंठेवारी नियमितीकरणाचा कागद नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही आणि विकताना गिऱ्हाईक पळतं.

इतकं सगळं हिंडून आमच्या घरात आता वेगळाच प्रस्ताव आलाय आणि तो आईचा आहे. ती म्हणाली, 'गच्ची रिकामीच आहे की!' आमचं घर उंचावर, पूररेषेच्या बाहेर. वर दोन खोल्या, किचन, बाहेरून जिना. जमिनीला पैसे नाहीत, स्टँप ड्युटी नाही, ब्रोकर नाही. आण्णांच्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग एफडीत राहतो, मामा खूश. भाडं तेच आठ-दहा हजार, पण गुंतवणूक फ्लॅटच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. पाण्याची मोटर बिघडली तर जिना चढला की झालं.

अडचण एकच. घर १९९४ चं आहे आणि तेव्हा कॉलम किती मजल्यांचे टाकले हे आण्णांना नक्की आठवत नाही. जुना नकाशा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलाय, बांधकाम परवान्याला तो लागणारच. स्ट्रक्चरल इंजिनिअर रविवारी सकाळी दहाला येतायत. आई म्हणते मिसळ घरीच करते, आण्णांचं मत आहे की त्यांना बाहेर न्यावं. कुठं न्यायचं यावर सध्या वाद चालू आहे.