आईकडचे मूळ आणि माहेरचे नाव

चँडलरमध्ये वाढलेल्या आपल्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत. जावई अमेरिकन असेल तर नातवंडाला ओसीआय मिळेल का, असे मला बरेचदा विचारले जाते. मिळते. आईकडचे मूळ की वडिलांकडचे, असा भेद त्यात नाही. आजी, पणजीही चालते. अगदी पोर्तुगीज अमलातील गोव्यात जन्मलेलीसुद्धा. (नागरिकत्वाचे पूर्वी असे नव्हते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला ते वंशाने मिळे, ते फक्त वडिलांकडून.)

अडचण येते ती नावाची. मुलगी इथेच जन्मलेली असेल तर तिच्या जन्मदाखल्यावर आजीचे माहेरचे नाव असते आणि आजीच्या भारतीय पासपोर्टवर सासरचे. आपल्याकडे तर लग्नात आडनावाबरोबर मधले नावही बदलते, कधी पाळण्यातलेसुद्धा! कागदोपत्री या दोन वेगळ्या बायका. त्यांना जोडतो तो लग्नाचा दाखला, आणि जुन्या पिढीतल्या कितीतरी लग्नांची नोंदणीच झालेली नाही. निमंत्रणपत्रिका म्हणजे दाखला नव्हे. महाराष्ट्रात उशिराही नोंदणी होते. आजी-आजोबा दोघेही हयात आहेत तोवर ती करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आजीचा रद्द झालेला पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखलाही जपून ठेवा.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. व्हिसाची कटकट मात्र मिटते.