ठोक्याला ठोका

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. पाटण तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, कोयनेच्या भूकंपाची वेळ तारखेसकट सांगतील. मिनिटापर्यंतची ही वेळ भिंतीवरून पडून बंद झालेल्या घड्याळानेही सांगितली असती. भूकंप जमिनीखाली नेमका कुठे झाला हे शोधायचे, तर मात्र मिनिट काय, सेकंदही पुरत नाही. कठीण खडकातून भूकंपाची पहिली लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. म्हणजे घड्याळात सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक राहिली, तर हिशेबात सहाशे मीटरची चूक आली. कोयना-वारणेचा भूकंपप्रवण पट्टा मुळात जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरचा आहे. तिथे सेकंदभराची चूक झाली तर एका गावाखालचा धक्का दुसऱ्या गावाखाली नोंदला जाईल.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. सांगलीत बसून बीकन नावाची रेडिओकेंद्रे ऐकणाऱ्याने कोयनेपासून सुरुवात का करावी, असे कुणालाही वाटेल. कारण असे की, एकमेकांशी अवाक्षर न बोलता दूरदूरच्या यंत्रांनी एकाच घड्याळाने चालायचे, हा जो प्रश्न बीकनवाल्यांपुढे होता, तोच आपल्या सातारा-सांगलीत आधी भूकंपमापकांपुढे उभा राहिला. त्यावरचा उपायही बराच काळ एकच होता: आकाशातून येणारा रेडिओचा ठोका.

त्याही आधी एकदा वेळेचा घोळ या भागाने पाहिला होता. रेल्वे आली तेव्हा देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेने चालत, आणि ती वेळ रोज तारेने स्टेशनोस्टेशनी पोहोचे. मिरजेच्या सूर्यापेक्षा मद्रासची वेळ तेवीसेक मिनिटे पुढे. गावात बारा वाजलेले नसत आणि स्टेशनात वाजून गेलेले असत. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा घोळ हळूहळू मिटला. गाडी पकडायला मिनिट पुरे होते, त्यामुळे पुढची साठ वर्षे कुणाला त्याहून बारीक वेळेची फारशी निकड भासली नाही.

कोयना धरणात पाणी साठू लागले आणि जमीन हादरायला लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने मोठ्या भूकंपाच्या आधीच या भागात भूकंपमापन केंद्रे उभी केली होती. त्या काळातले नोंदीचे यंत्र नजरेसमोर आणा. काजळी धरलेला कागद ड्रमवर गुंडाळलेला असतो आणि एक बारीक सुई त्यावर पांढरी रेघ ओढत असते. ड्रम मिनिटाला साठ मिलिमीटर या गतीने फिरत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. सेकंदाचा दहावा भाग वाचायचा म्हणजे भिंग लावून केसाएवढे अंतर मोजायचे. एका केंद्रापासून भूकंप किती लांब झाला हे पहिली आणि दुसरी लाट यांच्यातल्या अंतरावरून कळते: जेवढे सेकंद, त्यांच्या साधारण आठपट किलोमीटर. यासाठी घड्याळ बरोबर असायची गरज नाही. पण कोणत्या दिशेला, किती खोल, हे कळायला तीन-चार केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी जोडाव्या लागतात. एका केंद्राचे घड्याळ पुढे आणि दुसऱ्याचे मागे असेल, तर त्या जोडणीला अर्थ उरत नाही. दिवसाला दहा लाखांत एक भाग चुकणारे स्फटिकाचे घड्याळ त्या काळी चांगलेच म्हणायचे. तेही दहा-बारा दिवसांत सेकंदभर सरकते.

म्हणून जगभरच्या भूकंपकेंद्रांची रीत अशी होती की रेडिओवरचा वेळेचा ठोका रोज ऐकायचा, शक्य असेल तर त्याच कागदावर उमटवायचा, आणि घड्याळ किती सरकले ते लिहून ठेवायचे. कोयनेच्या जुन्या नोंदींवर पुढे बरेच काम झाले. बी. के. रस्तोगी आणि प्रदीप तलवानी यांनी १९८० मध्ये तिथल्या भूकंपांची ठिकाणे नव्याने काढली. अशा प्रत्येक फेरतपासणीत खडकाइतकेच घड्याळालाही तपासावे लागते.

भारतात हा ठोका होता ‘एटीए’चा. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आपल्या अणुघड्याळांवरून ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर हे केंद्र चालवत असे. सेकंदासेकंदाला टिक, मिनिटाला वेगळा ठोका, आणि अधूनमधून मॉर्समध्ये केंद्राचे नाव. दिल्ली ते सांगली हवेतून तेराशे-साडेतेराशे किलोमीटर. हे अंतर रेडिओलहर पाच मिलिसेकंदांत तोडते, म्हणजे दिल्लीचा सेकंद इथे जवळजवळ जसाच्या तसा मिळे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणी सांगलीवर बातम्यांआधी वाजणाऱ्या ठोक्यांवर घराघरांतली घड्याळे लागत. हॅम मंडळी मात्र १० मेगाहर्ट्झकडे वळत.

तिथे आम्हाला वेळेइतकेच आणखी एक मिळे, ते म्हणजे अचूक कंपनसंख्या. रिसीव्हरची तबकडी खरे बोलते का, हे तपासायला घरी केलेला १०० किलोहर्ट्झचा स्फटिक-दोलक असे. त्याचा शंभरावा गुणक बरोबर १० मेगाहर्ट्झवर पडतो. एटीए लावायचे, दोलक चालू करायचा, की दोघांच्या फरकाची शीळ ऐकू येई. छोट्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर फिरवत जायचे. शीळ खाली येते, जाड होते, मग नुसती घुरघुर, मग सिग्नल मंद श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो, आणि एका क्षणी सगळे थांबते. आता तुमचा दोलक दिल्लीच्या अणुघड्याळाशी जुळला. पैसा न लागता घरच्या टेबलावर राष्ट्रीय प्रमाण मिळे, आणि ते कानाने कळे. विज्ञानाच्या शिक्षणाचा याहून सरळ धडा मला माहीत नाही.

१९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका हॅम संस्थेने, नॉर्दर्न कॅलिफोर्निया डीएक्स फाउंडेशनने, स्टॅनफर्ड विद्यापीठातून १४.१०० मेगाहर्ट्झवर एक बीकन सुरू केले. बीकन म्हणजे ठरल्या वेळी आपले नाव सांगून गप्प होणारे केंद्र. ते कुणाशी बोलत नाही. ते ऐकू आले तर तिकडचा मार्ग उघडा आहे, नाही आले तर बंद. पुढे जगभर अशी केंद्रे उभी राहिली. सगळी एकाच कंपनसंख्येवर होती आणि प्रत्येकाला दहा मिनिटांतले एक मिनिट वाटून दिले होते. मिनिटाचा वाटा होता तोवर घड्याळ सेकंदभर इकडेतिकडे झाले तरी भागत होते.

नव्वदच्या दशकात ही रचना बदलली. आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेच्या सोबतीने अठरा केंद्रांची नवी साखळी झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त दहा सेकंद आले. अठरा गुणिले दहा म्हणजे तीन मिनिटांचे चक्र. दहा सेकंद संपले की तेच केंद्र १८.११० वर जाते, मग २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर, आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेवर पुढचे केंद्र येते. प्रत्येक वेळी मॉर्समध्ये कॉलसाईन आणि मग सेकंदासेकंदाच्या चार लांब रेघा. कॉलसाईन आणि पहिली रेघ १०० वॉटने, दुसरी १० वॉटने, तिसरी १ आणि चौथी ०.१ वॉटने. चौथी रेघ ऐकू आली, तर विजेरीच्या बल्बालाही पुरणार नाही एवढ्या शक्तीत ती समुद्र ओलांडून आलेली असते.

हे जमले ते जीपीएसमुळे. केंद्रात साधा हॅम ट्रान्सीव्हर, एक उभा अँटेना आणि जीपीएसचा छोटा रिसीव्हर असतो. कुणी कुणाला ‘आता तू’ म्हणत नाही. आर्क्टिक कॅनडा, नोव्होसिबिर्स्क, पर्थ, केनिया आणि लिमा ही सगळी आपापल्या घड्याळावर भरवसा ठेवून बोलतात आणि गप्प होतात. यात एक मेख आहे. जीपीएसची स्वतःची वेळ आणि जगाची प्रमाणवेळ या एक नाहीत. प्रमाणवेळेत अधूनमधून घातले जाणारे लीप सेकंद जीपीएसमध्ये धरत नाहीत, त्यामुळे २०१७ पासून या दोन्हींत अठरा सेकंदांचे अंतर आहे. ते वजा करायला नियंत्रक विसरला, तर ते केंद्र आपली जागा सोडून जवळजवळ दोन घरे पलीकडे, दुसऱ्याच्या वाट्यात जाऊन बोलेल.

भारतात या साखळीतले केंद्र नाही. आपल्याला सर्वांत जवळचे कोलंबोचे ४एस७बी, सांगलीपासून हवाई अंतराने साडेबाराशे किलोमीटर. त्याचा क्रमांक दहावा. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, पण साडेपाच तासांत तीन-तीन मिनिटांची बरोबर एकशे दहा चक्रे बसतात, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. भारतीय घड्याळात तास पूर्ण झाला की दीड मिनिटाने कोलंबो १४.१०० वर बोलणार. कॉलसाईन नीट कळले नाही तरी मनगटावरचे घड्याळ बरोबर असेल तर कोण बोलले ते कळते. आवाज अगदी अस्पष्ट असताना हीच गोष्ट कामी येते. कान आधी तयार असतो आणि मग कुजबुजही पकडतो.

५ मे २००५ ला इस्रोने हॅम मंडळींसाठीचा हॅमसॅट उपग्रह सोडला, तेव्हा वेळेचे महत्त्व आपल्याकडच्या नवख्या हॅमलाही पटले. उपग्रह डोक्यावरून दहा-पंधरा मिनिटांत निघून जायचा. संगणकाचे घड्याळ चुकले की हातातला अँटेना भलतीकडे रोखला जाई.

मग २००८ मध्ये जो टेलर यांनी ‘विस्पर’ आणले. जोडताऱ्यातल्या पल्सारचा शोध आणि त्याच्या ठोक्यांचे काटेकोर मोजमाप यांसाठी १९९३ चे नोबेल मिळवलेले हेच ते भौतिकशास्त्रज्ञ. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीवर जे पल्सार मोजले जातात, त्यांच्याशी आयुष्य घालवलेल्या माणसाने हॅमसाठी वेळेवर उभी असलेली पद्धत करावी, यात मला मोठी संगती दिसते. विस्परचा संदेश सम मिनिटानंतर एका सेकंदाने सुरू होतो, ११०.६ सेकंद चालतो आणि अवघ्या सहा हर्ट्झच्या पट्टीत मावतो. दोन्हीकडची घड्याळे एक-दोन सेकंदांत जुळलेली असली, की गोंगाटाखाली पूर्ण बुडालेला आणि कानाला मुळीच न कळणारा सिग्नल संगणक वर काढतो. इथे बीकन केवळ अठराच राहिले नाहीत. पाव वॉटचा ट्रान्समीटर आणि छपरावर तार असलेला कुणीही बीकन झाला. २०१७ मध्ये एफटी-८ ही अशीच वेळेवर चालणारी पद्धत आली, तेव्हा वेळेचे वाटे पंधरा सेकंदांचे झाले.

आणि नेमक्या याच वर्षांत, वेळेची गरज सर्वांत वाढलेली असताना, एटीए २०१४ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी जुलैत हॅमसॅटही थांबला. उपग्रहाचे आयुष्य संपणारच, त्याबद्दल तक्रार नाही. एटीएचे मला आजही वाईट वाटते. इंटरनेटवरून वेळ मिळते, जीपीएस मिळते, मग लघुलहरींची काय गरज, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, वीज गेली, मोबाइल ठप्प झाले. अशा वेळी इंटरनेटवर पोसलेले लॅपटॉपचे घड्याळ दिवसाला एखादा सेकंद सरकू लागते, आणि दोन-तीन दिवसांत एफटी-८ चे संदेश उलगडणे थांबते. बॅटरीवरच्या रिसीव्हरवर दिल्लीचा ठोका येत असता, तर ते घड्याळ हाताने लावता आले असते. आज १० मेगाहर्ट्झ लावले तर पुष्कळदा चीनचे बीपीएम ऐकू येते. आपल्या मुलांना सेकंद ऐकायचा असेल तर तो चीनच्या केंद्रावर ऐकावा लागतो, ही गोष्ट मला खुपते.

कोयनेत तोवर बरेच बदलले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने २००५ पासून कोयना-वारणेत डिजिटल केंद्रांचे जाळे बसवले, आणि काजळीच्या कागदाची जागा जीपीएसच्या घड्याळाने घेतली. वारणेचे चांदोली धरण सांगलीच्या शिराळा तालुक्यात, कोयना साताऱ्यात. खालचा खडक जिल्ह्याची हद्द मानत नाही, आणि आता वरची घड्याळेही मानत नाहीत. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा उभी आहे. तिने गोठण्याला तीन किलोमीटर खोल चाचणी-विवर घेतले, ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. भूकंप जिथे जन्मतात त्या खडकाच्या जवळ जाऊन ऐकायचे, तर वेळेची चूक मिलिसेकंदांत मोजावी लागते.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळेचे मसुदा-नियम जाहीर केले. भौतिक प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांमार्फत देशभर न्यायची, असा त्यामागचा बेत आहे. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपल्याकडे घडवलेले रुबिडियम अणुघड्याळही गेले आहे. घड्याळ आपले झाले, ही मोठी कमाई. आता या योजनेत १० मेगाहर्ट्झवरच्या एका ट्रान्समीटरची भर घालायला हवी. देशाची वेळ सातारा-सांगलीतल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही साध्या रिसीव्हरवर ऐकू यावी. हॅम संघटनांनी ही मागणी लेखी मांडावी, आणि तिला भूकंपमापकांचाही आधार घ्यावा.

तोवर ज्याच्याकडे लघुलहरींचा रिसीव्हर आणि वीस-पंचवीस फूट तार आहे, त्याने १४.१०० वर सीडब्ल्यू, म्हणजे मॉर्सचा मोड, लावावा, घड्याळ सेकंदापर्यंत जुळवावे, आणि कुठलाही तास पूर्ण झाल्यावर दीड मिनिटाने कोलंबोची वाट पाहावी. त्यानंतर दहा सेकंदांनी दक्षिण आफ्रिका, वीस सेकंदांनी केनिया, तीस सेकंदांनी इस्रायल. संध्याकाळी बँड युरोपकडे उघडला असेल तर चाळीस सेकंदांनी फिनलंडही येईल.