घरातला बोर्ड आणि तिसरी पिन



या पानावर आम्ही एरवी बेणे, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. यावेळी विषय जरा निराळा आहे, पण तुमच्या-आमच्या जिवाशी गाठ असलेला आहे.

उसाच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही लासूर स्टेशनच्या आसपासच्या गावांतून आणि वस्त्यांवरून फिरतो. कुणाच्याही घरी गेलो की चहाचा आग्रह होतोच. चहा येईपर्यंत समोरच्या भिंतीवर नजर जाते. तिथे विजेचा बोर्ड असतो. कुठे त्याचे भोक जळून काळे झालेले, कुठे प्लगच नाही आणि तारांची उघडी टोके आगकाडीने भोकात खुपसलेली. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला जपणारा शेतकरी घरातल्या बोर्डाकडे मात्र वर्षानुवर्षे बघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या घरी पत्र्याचा कूलर चालू होता. घरच्या वहिनी पाणी टाकायला उठल्या आणि आधी पायात चप्पल सरकवली. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "थोडा चावतो भाऊ तो. चप्पल घातली की काही होत नाही." कूलरचा प्लग पाहिला. तीन पिनांचा होता, पण बोर्डाला दोनच भोके, म्हणून वरची जाड पिन पकडीने मोडून टाकलेली. घरात दोन लहान लेकरे उघड्या पायांनी खेळत होती.

आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे, वायरमन नव्हे. म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातल्या जाणत्या मंडळींजवळ बसून सगळे नीट समजून घेतले. तेच येथे सांगत आहोत.

वीज म्हणजे पाटाचे पाणी

पाटाला पाणी जसे टाकीच्या उंचीमुळे दाबाने येते, तसा विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. आपल्या घरी तो 230 व्होल्ट असतो. पाटातून किती पाणी वाहते ते जसे मोजतो, तसा विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आणि चारी लहान असताना पाणी जास्त सोडले तर जशी ती फुटते, तशी बारीक तार जास्त प्रवाहाने तापते आणि तिचे वरचे आवरण वितळते.

घरातली लहान भोकांची सॉकेट 6 अँपिअरची असतात, मोठ्या भोकांची 16 अँपिअरची. जुन्या बोर्डांवर हेच आकडे 5 आणि 15 दिसतील. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागले की त्याला किती अँपिअर लागतात ते कळते. 1000 वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर घेते, ती लहान सॉकेटवर चालेल. पाणी तापवायची 1500 वॅटची रॉड साडेसहा घेते आणि 2000 वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊच्या आसपास. या दोन्ही लहान सॉकेटवर लावू नयेत. मोठ्या सॉकेटलाही मागून जाड तार असेल तरच ते खरे मोठे. बारीक तारेवर मोठे सॉकेट बसवणे म्हणजे अर्ध्या इंची नळीला चार इंची तोटी लावणे.

तीन भोके कशासाठी?

सॉकेटसमोर उभे राहिले असता उजवीकडचे भोक फेजचे, डावीकडचे न्यूट्रलचे आणि वरचे मोठे भोक अर्थिंगचे. जुन्या वायरिंगमध्ये फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी तार असते. उपकरणांच्या नव्या केबलमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरवी-पिवळी असते.

अर्थिंगची पिन मुद्दाम लांब केलेली आहे, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. जाड अशासाठी, की चुकून फेजच्या भोकात शिरू नये. कूलर, फ्रिज, मिक्सर, इस्त्री यांच्या आतली तार खरचटली किंवा ओली झाली की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती वीज जमिनीत जाते. ते नसेल तर पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून जाते. ती पिन मोडणे म्हणजे विहिरीचा कठडा आपल्या हाताने पाडणे होय.

माणसाला किती वीज मारते? घरातला जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब सुमारे 170 मिलिअँपिअर घेतो. साधारण 10 मिलिअँपिअर गेले तरी हाताची मूठ आवळते आणि सोडवता येत नाही. 30 च्या वर गेले आणि काही क्षण टिकले तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे एका बल्बाच्या विजेचा पाचवा हिस्सासुद्धा पुरे होतो. 2021 या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने 12 हजारांहून अधिक माणसे गेली, अशी सरकारी नोंद आहे.

अर्थिंगलाही पाणी लागते

"आमच्याकडे अर्थिंग आहे, घर बांधतानाच केलंय," असे पुष्कळजण सांगतात. पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि कोरडी माती वीज घेत नाही. याचा हिशोब सोपा आहे. अर्थिंगच्या वाटेचा अडथळा 10 ओहम असेल तर कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज 23 अँपिअरने जमिनीत जाते आणि 5 अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. धोका टळतो. तोच अडथळा खड्डा वाळून 100 ओहम झाला तर फक्त 2.3 अँपिअर जातात. फ्यूज उडत नाही, पंखा फिरत राहतो आणि पत्रा 'चावत' राहतो. कूलरचे दिवस आणि खड्डा वाळण्याचे दिवस एकच आहेत, हे ध्यानात घ्यावे. म्हणून कोळसा-मिठाच्या खड्ड्याला उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घालावे. सांडपाण्याची मोरी तिकडे वळवली तर उत्तमच.

याउपर मीटरनंतर 30 मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, ते बसवून घ्यावे. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विजेत फरक पडला की ते डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. स्विच पडले पाहिजे.

बिघाड कसा ओळखावा?

1. एकच सॉकेट बंद, बाकी घर चालू : आधी तेच उपकरण दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर लावून पाहावे. तिथे चालले तर दोष सॉकेटचा किंवा त्याच्या बटणाचा.

2. टेस्टर लावल्यावर : बटण चालू असता फक्त उजव्या भोकात दिवा लागावा. डाव्या भोकात लागला आणि उजव्यात नाही, तर तारा उलट्या आहेत. दोन्हीकडे लागला तर बहुधा न्यूट्रल सुटलेला आहे. बटण बंद करूनही लागला तर बटण चुकीच्या तारेवर आहे. अर्थिंगच्या भोकात लागला तर त्या घरात काही वापरू नये, मेन बंद करून वायरमन बोलवावा. मात्र टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाहीच, असे समजू नये. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावा.

3. प्लग गरम होतो, चरचर आवाज येतो, जळका वास येतो : आतली पकड ढिली झाली आहे. प्लगखाली कागद दाबून काम भागवू नये. सॉकेट बदलावे.

4. एमसीबी पडते : लावताक्षणी पडली तर तारा एकमेकींना भिडल्या आहेत. काही मिनिटांनी पडली तर भार जास्त आहे. आरसीसीबी पडत असेल तर एकेक प्लग काढून पाहावे. ज्याच्या काढण्याने ते टिकते, ते उपकरण गळते आहे.

5. दिवे एकदम फार प्रखर होतात किंवा मंद-प्रखर होत राहतात : डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. अशावेळी दाब 400 व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. ताबडतोब मेन बंद करून महावितरणला 1912 वर कळवावे. डीपीला स्वतः हात लावू नये.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तांब्याची तार घालणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. त्यांनी फ्यूज दुरुस्त केलेला नसतो, राखणदाराला झोपवलेले असते.

घरात पाळायचे नियम

कूलरमध्ये पाणी टाकताना प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. रॉड बादलीत ठेवल्यावर बटण चालू करावे, आणि बंद करून प्लग काढल्यावरच पाण्यात बोट घालावे. पत्र्याच्या घराला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधू नये, नायलॉनची दोरी बांधावी. चार्जर लावून मोबाईल उशाशी घेऊन झोपू नये. लेकरांच्या हाती येणाऱ्या सॉकेटला झाकण बसवावे. बोर्ड उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनचेच.

कुणाला वीज धरली तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा आणि 108 ला फोन करायला सांगा. वाळूत पुरणे, माती चोळणे असल्या उपायांत मोलाची मिनिटे जातात.

आणखी एक. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याच रानाच्या कडेला कोप्या घालतात. त्यांना दिव्यासाठी तार देताना जमिनीवरून, पाचटातून देऊ नका. सलग, बिनजोडाची केबल बांबूवर उंच बांधून द्या. त्यांची लेकरे आपल्या भरवशावर तिथे निजतात.

त्या वहिनींच्या घरी आम्ही पुढे पुन्हा गेलो. तीन भोकांचे सॉकेट बसले होते, खड्ड्याला पाणी दिसत होते. एका फेरीत झालेले हे काम, आणि खर्च खताच्या एका पोत्याइतकाही नव्हता. आज संध्याकाळी आपल्या घरचे सगळे प्लग काढून बघा. कुठल्याची वरची पिन मोडलेली आहे, तेवढे मोजा. उद्या लासूरच्या बाजाराला जाताना तेवढे प्लग आणि सॉकेट आठवणीने आणा.

— ऊस विकास अधिकारी