मिनिकॉय: एक गरी, एक मासा

होडीच्या पाठीमागच्या फळ्यांवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. प्रत्येकाच्या हातात वेळूची लांब काठी, काठीला दोरी, दोरीच्या टोकाला चकचकीत गरी. गरीवर आमिष नसतं आणि तिला उलटा काटाही नसतो. होडीच्या मध्यावरून एक जण बोटभर लांबीचे जिवंत मासे मुठीमुठीने समुद्रात फेकतो, दुसरे एक-दोघे सपासप पाणी उडवत राहतात. वरून पावसासारखी सर, तिच्यात सैरावैरा पळणारे चंदेरी मासे आणि खालून आलेला कुप्याचा, म्हणजे टुनाचा, घोळका. खवळलेला कुपा समोर चमकेल त्याला तोंड घालतो. काठी वर जाते, मासा डोक्यावरून उडत मागे येतो, दोरी सैल पडली की आपोआप सुटून फळ्यांवर आपटतो. गरी तोवर पुन्हा पाण्यात गेलेली असते. मासा सोडवायला कुणी थांबत नाही, कारण थांबायला वेळच नसतो. घोळका काही मिनिटांत बुडी मारून निघून जातो.

लक्षद्वीपच्या पार दक्षिण टोकाला, कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर असलेल्या मिनिकॉय बेटाचा हा पिढीजात धंदा. लक्षद्वीपच्या बाकीच्या बेटांनी तो मिनिकॉयकडूनच उचलला, आणि तोही १९६०च्या आसपास, यांत्रिक होड्या आल्यावर. त्याआधी काठीने कुपा मारणं ही एकट्या मिनिकॉयची कला होती.

माहितीपत्रकांत हे बेट माणसाचा हात न लागलेलं म्हणून दाखवतात. नितळ पाणी, पांढरी वाळू, कललेला माड. चित्र खरं आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावलेला आहे. चंद्रकोरीच्या आकाराची ही जमीन दहाएक किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त एक किलोमीटर रुंद, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या आत. तिच्यावर २०११च्या जनगणनेत दहा हजारांहून थोडी अधिक माणसं होती. कोकणातल्या बहुतेक खेड्यांपेक्षा दाट वस्ती झाली ही. शेकडो वर्षं वापरलेलं, रोज झाडलेलं, रोज मासे मारून खाल्लेलं हे बेट आहे. ते शांत आणि स्वच्छ राहिलंय ते इथल्या लोकांनी ठरवून ठेवलंय म्हणून.

मासेमारीतलं खरं कसब काठी उचलण्यात नाही, चाऱ्यात आहे. पहाटे होडी आधी लगूनमध्ये जाते. लगून म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडचं उथळ, निवांत पाणी. मिनिकॉयचं लगून जमिनीच्या कितीतरी पट मोठं आहे. तिथे बारीक विणीचं जाळं तळाशी पसरून, वर थोडं खाद्य टाकून, चाऱ्याचे मासे अलगद उचलतात. अलगद, कारण ते जिवंत राहिले पाहिजेत. खवले निघाले की मासा तासाभरात मरतो, आणि मेलेल्या चाऱ्याकडे कुपा ढुंकूनही पाहत नाही. म्हणून होडीच्या पोटात एक कप्पा असतो आणि त्याच्या तळाला चक्क भोकं पाडलेली असतात. भोकांतून समुद्राचं पाणी आत येत राहतं, जास्त झालेलं बाहेर काढलं जातं, आणि चारा ताज्या पाण्यात तरंगत उघड्या समुद्रापर्यंत पोचतो. आपल्याच होडीला भोक पाडून समुद्रावर जायचं, ही कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली असेल त्याला मी मानतो.

मग शोध पक्ष्यांचा. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यावर झेपावताना दिसले की खाली घोळका आहे हे तांडेलाने ओळखायचं. बहुतेक मासा स्किपजॅक जातीचा, एकेक दोन-तीन किलोंचा. ही जात झपाट्याने वाढते, लवकर अंड्यावर येते आणि भरपूर अंडी घालते. शिवाय गरीला जो लागला तोच वर येतो. जाळ्यात कासव अडकलं, डॉल्फिन गुदमरला, असलं काही इथे होत नाही. रापणवाले आणि पर्ससीनवाले यांचं भांडण मालवण-वेंगुर्ल्याला ज्यांनी पाहिलंय, त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. २०१६मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७मध्ये केंद्राने प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. मिनिकॉयच्या माणसाला एक गरी, एक मासा हा नियम कुठल्या परिपत्रकाने शिकवलेला नाही.

पकडलेल्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न बर्फ नसलेल्या काळात आणखी मोठा होता. त्याचं उत्तर मासमीन. मासा चिरून, डोकं-आतडी काढून, त्याच्या लांबट फाका करतात. त्या मिठाच्या पाण्यात उकळतात, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात आणि मग उन्हात वाळवतात. शेवटी जो तुकडा हाती येतो तो काळपट आणि लाकडासारखा टणक असतो, आणि महिनोन् महिने टिकतो. चौदाव्या शतकात मालदीवला राहिलेल्या इब्न बतूताने हीच कृती लिहून ठेवली आहे: माशाचे चार तुकडे, थोडं शिजवणं, झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरी. तो माल तेव्हा हिंदुस्थान, चीन, येमेनपर्यंत जात असे. आज त्याचं मोठं गिऱ्हाईक श्रीलंका; सिंहली स्वयंपाकात हा मासा कुटून भाजीत, सांबोलात घालतात. उकळलेलं पाणीही कुणी फेकत नाही. ते आटवत आटवत गर्द तपकिरी, लेपासारखं झालं की भाताबरोबर खातात. वास उग्र. आवडला तर फार आवडतो, नाहीतर ताट बदलून मागावं लागतं. १९६९मध्ये इथे टुना डबाबंद करण्याचा सरकारी कारखाना सुरू झाला, पण बेटाच्या जिभेवर राज्य मासमीनचंच.

मालदीवचं नाव मध्येच आलं त्याला कारण आहे. लक्षद्वीपची इतर बेटं मल्याळमची, मिनिकॉय मात्र माहल बोलतं. ती मालदीवच्या दिवेहीचीच बोली. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे जाणारी. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक आकड्यांवरून घडवलेली आहेत, असं लिपीचे अभ्यासक दाखवतात. जवळचं भारतीय बेट कल्पेनी उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर, मधे नऊ अंशांची खाडी. मालदीवचं पहिलं बेट त्याहून जवळ, आठ अंशांच्या खाडीपलीकडे. राज्य मात्र कण्णूरच्या अरक्कल घराण्याचं होतं, मग इंग्रजांचं आलं. १९५६मध्ये लक्षद्वीप केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७६च्या सागरी सीमाकराराने दोन्ही देशांमधली रेघ पक्की झाली.

बेटावरची गावं एकमेकांना लागून आहेत. प्रत्येक गावाचं स्वतःचं सभाघर, स्वतःचा पुढारी. त्याला बोडुकाका म्हणतात, आणि बायकांच्या बाजूने बोडुताता. होडी ओढायची असो, घर शाकारायचं असो, लग्नाचं जेवण असो की रस्ता झाडायचा असो, काम गावावर पडतं आणि गाव ते वाटून घेतं. जाहाधोनी नावाच्या लांबलचक, रंगीबेरंगी शर्यतीच्या होड्याही गावाच्याच मालकीच्या. त्यांची निगा पाहिली की गावोगावची चढाओढ लक्षात येते. घर बाईचं असतं आणि लग्न झाल्यावर नवरा तिच्याकडे राहायला जातो. पुरुष पूर्वी शिडाच्या गलबतांवर बंगालपर्यंत आणि पुढे आगबोटींवर जगभर जायचे. आजही व्यापारी जहाजांवर मिनिकॉयचे खलाशी मोठ्या संख्येने भेटतात. घरचा कारभार बायकांच्या हाती असण्यामागे हे कारण मला पुरेसं वाटतं. मार्को पोलोचं ‘स्त्रियांचं बेट’ म्हणजे मिनिकॉयच, ही कथा पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. पोलोने त्याची बेटं मकरान आणि सोकोत्रा यांच्या वाटेवर सांगितली आहेत. मिनिकॉय त्या वाटेवर कुठेच नाही. पण गोष्ट रंगते, म्हणून चालते.

बेटाचा उरलेला इतिहास पाण्याखाली आहे. एडनहून कोलंबोकडे जाणारा सागरी मार्ग मिनिकॉयच्या जवळून जातो, आणि काठाच्या प्रवाळाने या वाटेवर बरीच जहाजं फोडली. नोव्हेंबर १८६२मध्ये पी अँड ओ कंपनीचं ‘कोलंबो’ हे टपाल घेऊन चाललेलं जहाज इथेच आदळलं. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला, वर्दळ कितीतरी पटींनी वाढली आणि हे असंच चालू ठेवणं इंग्रजांना परवडेना. १८८५मध्ये बेटाच्या दक्षिण भागात दीपगृह पेटलं. दीडशे फुटांच्या आसपास उंचीचा हा पांढरा मनोरा लक्षद्वीपमधलं पहिलं दीपगृह. त्याची गंमत अशी की तो बेटवाल्यांसाठी बांधलाच नव्हता. स्थानिक होड्यांना प्रवाळातली वाट पाठ होती. दिवा होता परक्या जहाजांसाठी. त्याचा कारभारही स्वातंत्र्यानंतर काही वर्षं ब्रिटिशांच्याच हाती राहिला आणि १९५६मध्ये तो भारताकडे आला. वर चढून गेलं की पश्चिमेला फिकट हिरवं लगून आणि पूर्वेला एकदम गर्द निळा समुद्र दिसतो. प्रवाळाची भिंत नेमकी कुठे संपते हे नकाशापेक्षा इथून जास्त चांगलं कळतं.

ती संपते तिथे उतार सरळ खाली जातो. पाणबुड्यांसाठी मिनिकॉयचं आकर्षण हा उतार आणि फुटलेली जहाजं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी इथल्या वाफेच्या जहाजांचे अवशेष बुड्या मारून अभ्यासले आहेत. लाकूडकाम गेलं, पण बॉयलर आणि यंत्रांचे अवजड भाग उरले, आणि त्यांच्यावर प्रवाळ चढलं. बांगाराम किंवा कदमतसारखी पाणबुड्यांची वर्दळ इथे नाही. ज्याला पाण्याखाली एकटं असायचंय त्याला ते सोयीचं. ज्याला पाच दिवसांत दहा बुड्यांची हमी हवी त्याने दुसरं बेट बघावं.

जायचं तर ऑक्टोबर ते मध्य-मे. पावसाळ्यात समुद्र होडीला बाहेर पडू देत नाही. बेटावर विमानतळ नाही; कोचीहून बोट, एक रात्र समुद्रावर. बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. १९६७चा नियम आहे तो, आणि त्याबद्दल कुरकुरणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाच चौरस किलोमीटरच्या जमिनीवर गोडं पाणी किती साठतं याचा विचार केला की परवान्याचं कारण कळतं: वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळसा थर, तेवढंच. दारूबंदी आहे. गावांत फोटो काढण्याआधी विचारावं. २०२२मध्ये इथल्या थुंडी किनाऱ्याला स्वच्छतेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं, मार्च २०२४मध्ये नौदलाचा ‘जटायू’ तळ कार्यान्वित झाला, आणि विमानतळ, रिसॉर्ट यांच्या योजनांची चर्चा दर वर्षी नव्याने होते.

मला त्याहून मोठी काळजी वाटते ती पाण्याच्या तापमानाची. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४मध्ये समुद्र तापला आणि लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. कुपा खुल्या समुद्रातला मासा, त्याला प्रवाळाशी देणंघेणं नाही. पण त्याचा चारा लगूनमध्ये राहतो, त्यातल्या कितीतरी जाती प्रवाळाच्या फांद्यांमध्ये आसरा घेतात. फांद्या मोडल्या की चारा विरळ होतो, आणि बाहेर कुपा उसळत असला तरी होडी धक्क्याला बांधून ठेवावी लागते. चाऱ्यावर ताण आणखीही येतो: होड्या मोठ्या झाल्या, इंजिनं आली, बर्फ आला, कच्च्या माशाला गिऱ्हाईक आलं, आणि प्रत्येक फेरीला लागणारा चारा वाढला. तो लगूनमधून किती उचलायचा, कुठल्या महिन्यात उचलायचा नाही, बारीक पिल्लांना हात लावायचा की नाही, हे ठरवायला आधी मोजदाद हवी. लक्षद्वीपच्या काही बेटांवर दक्षिण फाउंडेशन या संस्थेबरोबर होडीवालेच आता ती नोंद ठेवतात: आज चारा कुठून घेतला, कुठल्या जातीचा, किती, आणि त्यावर कुपा किती मिळाला.