आधी दोर सैल, मग सुटका!

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते आळेफाटा हे गाव प्रवाशांना परिचित आहे ते चहा, भेळ आणि बसथांब्यासाठी. परंतु याच फाट्यावरून तासाभराच्या अंतरात पाण्याचे केवढे मोठे विश्व पसरले आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या टापूत आहेत. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य शासनाने पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या माळशेज घाटाकडे वळतात आणि त्यांतील अनेकजण जलाशयाच्या काठावर थबकतात. पाणी शांत दिसते आणि मोहही पाडते. मात्र पाण्यात होणाऱ्या सर्वच दुर्घटना पोहता न आल्यामुळे घडत नाहीत. उत्तम पोहणारा माणूसही पाण्याखाली कशात तरी अडकला, तर त्याचे पोहणे निरुपयोगी ठरते. अशा वेळी वेगळेच कौशल्य लागते. या कौशल्याचा सर्वांत काटेकोर विचार ज्या खेळाने केला, तो म्हणजे विंडसर्फिंग.

हार्नेस म्हणजे काय?

विंडसर्फिंगमध्ये तरंगत्या फळीवर एक शीड उभे असते. डोलकाठी फळीला सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्याने जोडलेली असते आणि खेळाडू शिडाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा आडवा दांडा, म्हणजे बूम, हातांनी धरून वाऱ्याचा जोर पेलतो. हा खेळ १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांसाठी त्याची स्वतंत्र स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे तो प्रामुख्याने गोवा आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर शिकता येतो.

जोराच्या वाऱ्यात पाच-सहा चौरस मीटरचे शीड केवळ हातांच्या बळावर धरून ठेवले, तर काही मिनिटांतच मनगटे आणि दंड भरून येतात. म्हणून १९७० च्या दशकात हार्नेस प्रचारात आला. कमरेला किंवा मांड्यांभोवती रुंद पट्टा, पट्ट्याच्या पुढे धातूची आडवी पट्टी आणि त्या पट्टीवर एक हूक, अशी ही रचना. बूमला दोन्ही बाजूंनी दोरीचे एकेक वेटोळे टांगलेले असते. ते हुकात अडकवले की वाऱ्याचा सारा ओढा हातांऐवजी शरीराच्या वजनावर येतो आणि हात केवळ दिशा देण्यापुरते उरतात.

सोय मोठी, पण सोयीसोबत धोकाही आला. खेळाडू आता शिडाला बांधलेला असतो. अचानक झोत आला आणि शीड पुढे कोसळले, तर तोही गोफणीतल्या दगडासारखा पुढे फेकला जातो. क्षणार्धात तो पाण्याखाली जातो, वर शीड पसरते आणि कमरेचा हूक दोरीत अडकलेलाच राहतो.

माणूस अडकतो कसा?

हुकाचे तोंड साधारणतः खाली असते. बूम स्वतःकडे ओढली की दोरी सैल पडते आणि आपोआप हुकातून निसटते. रोजच्या वापरात हे इतके सहज घडते की खेळाडूला त्याचा विचारही करावा लागत नाही. अडचण येते ती पडताना शरीराला गिरकी मिळाली तर. तेव्हा दोरीला हुकाभोवती पीळ बसतो आणि ती निसटत नाही.

येथे घाबरलेला माणूस स्वाभाविक पण चुकीची कृती करतो. तो पृष्ठभागाकडे, म्हणजेच बूमपासून दूर, जोराने हातपाय मारतो. त्यामुळे दोरी अधिक ताणली जाते, पीळ घट्ट होतो आणि हूक अधिकच रुततो. श्वास संपत असताना जितकी धडपड अधिक, तितका प्राणवायूही लवकर संपतो. म्हणजे येथे माणसाला बुडवतो तो त्याचा स्वतःचाच ओढा.

सुटकेची क्रमवार रीत

फळी आणि शीड दोन्ही तरंगतात. ती माणसाला तळाशी ओढत नाहीत. तो पृष्ठभागापासून हातभर अंतरावरच असतो, हे आधी मनात ठसले पाहिजे. त्यानंतरचा क्रम असा.

पहिली गोष्ट, थांबणे. एक क्षण हालचाल बंद करून शरीर सैल सोडायचे. पडताना एक हात चेहऱ्यापुढे धरण्याची सवय असावी, म्हणजे बूमचा किंवा डोलकाठीचा मार बसत नाही.

दुसरी गोष्ट, हवा मिळवणे. शिडाचे कापड पाण्याला चिकटून पसरलेले असते. खालून तळहाताने ते वर उचलले, तर त्याखाली हवेची पोकळी तयार होते. तिथे तोंड वर करून एक श्वास घेता आला, तरी पुढच्या कामाला निवांत वेळ मिळतो.

तिसरी गोष्ट, बूमकडे जाणे. दोरीपासून दूर न जाता हाताने बूम पकडून स्वतःला तिच्याजवळ ओढायचे. ताण गेला की दोरी बहुधा निसटतेच. पीळ असेल तर हाताने हूक चाचपून, ज्या दिशेला पीळ बसला त्याच्या उलट दिशेने अंग फिरवायचे.

चौथी गोष्ट, पट्टाच सोडून देणे. एवढ्यानेही सुटका झाली नाही, तर हुकाची पट्टी ज्या बकलाने पट्ट्याला जोडलेली असते ते बकल उघडायचे. झटक्यात उघडणारी बकले मिळतात आणि नवशिक्याने तीच घ्यावीत. हार्नेस गमावला तरी चालतो. अनेकजण पट्ट्यात लहान, आकड्याच्या आकाराची दोरी कापणारी सुरीही ठेवतात.

सुटल्यावर शिडाखालून बाहेर पडताना एकच दिशा धरून सरळ जावे. शीड काही मीटरच रुंद असते. पण गोंधळून दिशा बदलत राहिलेला माणूस त्याच कापडाखाली फिरत राहतो. याच कारणाने विंडसर्फिंगमध्ये आपोआप फुगणारे भारी जीवरक्षक जाकीट टाळतात. ते माणसाला शिडाच्या कापडाला खालून दाबून धरते. सुमारे ५० न्यूटन उद्धरणाचे हलके जाकीट तरंगायला मदत करते आणि गरज पडल्यास बुडी मारून बाजूला सरकूही देते.

हे सारे वाचून येत नाही. आधी जमिनीवर डोळे मिटून हूक आणि बकल चाचपण्याचा, मग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम अडकून सुटण्याचा सराव करावा लागतो. घाबरलेले मन नवे काही शोधत नाही. हाताला जे सवयीचे असते, तेच घडते.

जाळे, आवर्तन आणि विहीर

आळेफाट्याच्या वाचकाने विचारावे, आमचा याच्याशी संबंध काय? शीडफळी इथल्या जलाशयांवर रुजलेली नाही, हे खरे. पण अडकण्याचे प्रसंग इथे रोजच्या जगण्यात आहेत आणि त्यांना तोच नियम लागू पडतो.

डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. विस्थापित आदिवासींनी त्याच जलाशयात सहकारी तत्त्वावर मासेमारी उभी केली. या परिसरात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या मासेमारीत वापरले जाणारे बारीक नायलॉनचे जाळे पाण्यात जवळजवळ दिसत नाही. शर्टाचे बटण, घड्याळाचा पट्टा, चपलेचे बकल, काहीही त्यात अडकू शकते. अशा वेळी गोल फिरू नये. फिरले की जाळे अंगाभोवती गुंडाळले जाते. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे सरकावे, जाळे सैल करावे आणि मग धागा सोडवावा किंवा कापावा. होडीतून जाळे टाकणाऱ्याच्या कमरेला सुरी हवी, तीही एका हाताने काढता येईल अशी. जाळ्यांच्या खुणा दिसतात तिथे पर्यटकांनी पोहायला उतरू नये.

दुसरा प्रसंग कालव्याचा. आवर्तन सुटले की कालव्याला वेग येतो. बुडणाऱ्याला वाचवायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वाहत्या पाण्यात हाच दोर घातक ठरू शकतो. काठावरच्यांनी तो घट्ट धरून ठेवला, तर प्रवाह माणसाला त्या दोराच्या टोकाशी पाण्याखाली दाबतो. विंडसर्फिंगच्या हुकासारखाच हा ताण असतो. म्हणून प्रवाहात कोणी उतरूच नये. काठावरून दोर, रिकामा बंद कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी.

तिसरा प्रसंग विहिरीचा. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला दोर बांधून शेतकरी उतरतो. सरकफासाची गाठ ताणाबरोबर आवळत जाते. न घसरणारी गाठ वापरावी, वर एक माणूस सतत उभा असावा आणि दोराला किती झटके म्हणजे ‘सैल सोड’, किती म्हणजे ‘वर ओढ’, हे आधी ठरलेले असावे. उतरण्यापूर्वी मोटारीचा वीजपुरवठा मुख्य खटक्यापासून बंद करावा, हे वेगळे सांगायला नको.

बाहेर काढल्यानंतर

पाण्यातून काढलेल्या माणसाला उलटे धरून फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर डोके मागे झुकवून, नाक बंद करून तोंडाने श्वास द्यावेत आणि ३० वेळा छाती दाबणे, दोन श्वास देणे, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील काही प्रसंगी तरी सुटका हातभर अंतरावर असेल. शीड असो, जाळे असो की विहिरीतला दोर, ज्याने आपल्याला धरून ठेवले आहे त्याच्यापासून दूर पळण्याची पहिली ऊर्मी आवरायला हवी. त्याच्याजवळ जाऊन ताण काढला, की मग सुटण्याची वाट मोकळी होते.