आकड्यांचा हिशेब : आधी अदलाबदल करून बघा

नांदेड जिल्ह्यात तालुके १६. समजा, प्रत्येक तालुक्याचा एक कबड्डी संघ हदगावच्या मैदानावर उतरला. पहिला, दुसरा, तिसरा असे निकाल किती तऱ्हांनी लागू शकतील? गेल्या आठवड्यातला गुणाकाराचा नियम इथं सरळ चालतो. पहिल्या नंबरावर १६ पैकी कोणीही येईल; तो ठरला की दुसऱ्यासाठी उरले १५, मग तिसऱ्यासाठी १४. १६ × १५ × १४ = ३,३६०. हे झालं परम्युटेशन. हदगाव पहिला नि किनवट दुसरा, आणि किनवट पहिला नि हदगाव दुसरा, हे दोन निकाल एकच आहेत असं कोणी मैदानावर म्हणून तर दाखवावं!

आता नंबर काढायचे नाहीत, पुढच्या फेरीला फक्त तीन संघ पाठवायचेत. हदगाव, किनवट, भोकर म्हटलं काय नि भोकर, हदगाव, किनवट म्हटलं काय, गाडीत बसणार तेच. पण ३,३६० च्या यादीत हे त्रिकूट सहा वेळा मोजलं गेलंय, कारण तीन नावं ३ × २ × १ = ६ क्रमांनी लिहिता येतात. प्रत्येक त्रिकुटाचं तेच. म्हणून ३,३६० भागिले ६, म्हणजे ५६०. हे कॉम्बिनेशन. यांतल्या किती त्रिकुटांत हदगाव असेल? हदगावची जागा पक्की धरा. उरलेल्या १५ मधून दोघं निवडायचे : १५ × १४ भागिले २, म्हणजे १०५.

अकरावीची पोरं दोन्ही सूत्रं घडाघडा म्हणतात आणि पेपरात कोणतं लावायचं तिथंच अडतात. माझ्या मते सूत्र नंतर. आधी दोन नावांची अदलाबदल करून बघावी. उत्तर बदललं तर नुसता गुणाकार, नाही बदललं तर भागाकारही.

हा भागाकार आपल्याकडे फार जुना आहे. इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त तो नियम म्हणूनच दिला. ग्रंथाच्या आरंभी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती आहे, आणि हे राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लत्तलूर म्हणजे आपलं लातूर! राजधानी मात्र मान्यखेट, कलबुर्गीकडचं आजचं मळखेड. महावीराचार्यांचं उदाहरण सहा रसांचं : तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड यांची मिश्रणं किती? तीन रसांसाठी वर ६, ५, ४ लिहा, खाली १, २, ३. वरचा गुणाकार १२०, खालचा ६, उत्तर २०. एकेक रस धरून ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, चार-चार पुन्हा १५ (चार घेणं म्हणजे दोन वगळणं, दुसरं काय), पाच-पाच ६, सगळे मिळून १. बेरीज ६३.

क्रमाच्या गणितांना भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ हे वेगळं प्रकरणच दिलं. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील, हा त्यातला प्रश्न, उत्तर ३६,२८,८००.

त्याच प्रकरणातलं एक गणित या आठवड्याला घरी करायला देतो. २, २, १, १ हे चारही अंक वापरून चार अंकी संख्या किती होतील? २४ नाहीत, एवढं सांगून ठेवतो.