अणुशक्ती उद्योगातील उमेदवारी : आसेगावच्या तरुणांपुढील वाटा

'उमेदवारी' हा शब्द कानी पडताच आज खेड्यापाड्यांतून निवडणुकीची आठवण होते. तथापि या शब्दाचा एक जुना अर्थ आपल्या भाषेत अद्याप जिवंत आहे. एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली राहून, प्रारंभी अल्प मोबदल्यावर काम करीत काम शिकणे, यालाही उमेदवारी करणे असेच म्हणतात. सुतार, लोहार, सोनार यांची विद्या पिढ्यान् पिढ्या याच मार्गाने पुढे आली. केंद्र सरकारने १९६१ साली केलेल्या कायद्याला मराठीत 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' हे नाव मिळाले, ते सर्वस्वी सार्थ होय.

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव व त्याच्या परिसरातील गावे प्रामुख्याने सोयाबीन, तूर व कपाशी यांवर अवलंबून आहेत. येथील मुलामुलींपैकी काही जण दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, तर काही जण तंत्रनिकेतनात प्रवेश घेतात. प्रमाणपत्र हाती पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. अणुशक्ती उद्योग हे त्याचे एक उत्तर असू शकते, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. अणुशक्ती म्हणजे केवळ थोर शास्त्रज्ञांचे क्षेत्र, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

शिक्षण आणि काम यांची सांगड

महाविद्यालयातील शिक्षण आणि कारखान्यातील काम आलटूनपालटून करण्याची पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी सुरू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये आपल्या स्थापनेपासूनच ती स्वीकारली. तेथील विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने उद्योगात असतो. कामाचे वेतन त्याला मिळते आणि त्या कामाची नोंद त्याच्या शिक्षणक्रमात होते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील अणुवीजकेंद्रेही असे विद्यार्थी घेतात.

योगायोग असा की, त्याच १९५७ साली आपल्याकडे तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी नुकतीच, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, कार्यान्वित झाली होती. परदेशी तज्ज्ञांवर विसंबून न राहता या देशातीलच पदवीधरांना घडविले पाहिजे, हा डॉ. होमी भाभा यांचा आग्रह होता. मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेतून १९६३ साली अभियांत्रिकीची पदवी घेतलेले डॉ. अनिल काकोडकर याच विद्यालयातून पुढे आले आणि कालांतराने अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. हे विद्यालय पदवीधरांसाठी आहे. परंतु 'आपली माणसे आपणच घडवावीत' हे त्यामागील सूत्र पुढे कारागिरांच्या व तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणालाही लागू झाले.

तीन दारे

वॉटर्लूसारखी आलटूनपालटून शिकण्याची व्यवस्था आपल्या अणुशक्ती क्षेत्रात सरसकट नाही. तिच्या जवळ जाणाऱ्या तीन वाटा मात्र आहेत.

पहिली वाट शिकाऊ उमेदवारीची. जोडारी, वीजतंत्री, कातारी, यंत्र कारागीर, संधाता अशा व्यवसायांचे औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना भाभा अणुसंशोधन केंद्र, तसेच तारापूर येथील अणुवीजकेंद्र चालविणारे भारतीय अणुऊर्जा महामंडळ वेळोवेळी शिकाऊ उमेदवार म्हणून घेत आले आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंतेही या अधिनियमाच्या कक्षेत आले. उमेदवाराला विद्यावेतन मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रधारकासाठी दरमहा किमान ७,००० रुपये, पदविकाधारकासाठी ८,००० रुपये व पदवीधरासाठी ९,००० रुपये ठरविले होते.

दुसरी वाट विद्यावेतनी प्रशिक्षणार्थीची. हिचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग अभियांत्रिकी पदविकाधारक व विज्ञान पदवीधर यांच्यासाठी, तर दुसरा दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी व विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी असतो. प्रवेश परीक्षेतून निवड होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २०२३ च्या जाहिरातीत दुसऱ्या वर्गासाठी पहिल्या वर्षाचे विद्यावेतन दरमहा २०,००० रुपये होते. प्रशिक्षण यशस्वीपणे पुरे करणाऱ्यास तांत्रिक पदावर नेमले जाते आणि त्याबद्दल ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र त्याला लिहून द्यावे लागते.

तिसरी वाट अप्रत्यक्ष, पण महत्त्वाची आहे. अणुभट्टीचे भाग सरकारी केंद्रातच बनतात असे नाही. वालचंदनगर इंडस्ट्रीज, लार्सन अँड टुब्रो, गोदरेज यांसारख्या महाराष्ट्राशी निगडित कारखान्यांनी या क्षेत्रासाठी अवजड यंत्रसामग्री तयार केली आहे. अशा कारखान्यात उत्तम जोडकाम शिकलेल्या संधात्याचा अनुभव या क्षेत्रात निश्चितच मोलाचा ठरतो.

पारस ते तारापूर

अणुवीजकेंद्राचे कार्य समजून घेतले तर त्याविषयीची भीड पुष्कळशी कमी होईल. युरेनियमच्या अणूंचे विभाजन होताना उष्णता निर्माण होते. तिच्यापासून वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देते. अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक केंद्रात ही उष्णता कोळसा जाळून मिळते, एवढाच मूलभूत भेद. वाफेच्या पुढील सर्व साखळी, म्हणजे टर्बाइन, पंप, झडपा, विद्युत पॅनेल, मोजमापाची उपकरणे, ही दोन्हीकडे सारख्याच स्वरूपाची असते. म्हणून पारसला उमेदवारी केलेला वऱ्हाडातील जोडारी तारापूरला अगदीच परका ठरणार नाही. तारापूरची पहिली दोन एकके १९६९ पासून वीज देऊ लागली. देशातील ते पहिले अणुवीजकेंद्र होय. ५४० मेगावॉट क्षमतेची आणखी दोन एकके २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाली.

फरक आहे तो शिस्तीचा. किरणोत्सर्ग असलेल्या भागात कामगाराने कमीत कमी वेळ थांबावयाचे असते. त्यामुळे झडप बदलण्याचे काम आत जाऊन शिकण्याची सोय नाही. तशाच झडपेच्या प्रतिकृतीवर त्याचा बाहेर पुनःपुन्हा सराव केला जातो व मगच माणूस आत जातो. नियंत्रण कक्षातील कर्मचारी हुबेहूब तशाच कृत्रिम कक्षात शिकतात. प्रत्येक जोडाची क्षकिरणांनी किंवा तत्सम पद्धतीने तपासणी होते, प्रत्येक कामाची लेखी नोंद ठेवली जाते. ही शिस्त केवळ पुस्तकातून येत नाही. या उद्योगात उमेदवारीला इतके महत्त्व आहे ते याच कारणाने.

पालकांच्या शंका

मुलाला, विशेषतः मुलीला, अशा ठिकाणी पाठवावे काय, ही पालकांची शंका स्वाभाविक आहे. तिची टर उडवू नये, तिला माहिती देऊन उत्तर द्यावे. निसर्गातून, म्हणजे जमीन, खडक, आकाश व अन्न यांतून, प्रत्येक माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतोच. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने २०११ च्या निर्देशात अशा क्षेत्रातील कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही कमाल मर्यादा घातली. १६ ते १८ वर्षे वयाच्या प्रशिक्षणार्थींसाठी ती वर्षाला ६ मिलिसिव्हर्ट इतकी कमी आहे. किरणोत्सर्गी भागात काम करणाऱ्याच्या छातीवर मोजमापाचा बिल्ला असतो. तो ठरावीक मुदतीने तपासून त्याची नोंद त्या व्यक्तीच्या नावे ठेवली जाते. आपल्या नोंदीत काय लिहिले आहे, हे विचारण्याची सवय प्रत्येक उमेदवाराने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. शिवाय २०१४ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक उद्योगात शिकाऊ उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते, आणि प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते.

दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत

पहिली गोष्ट अशी की, शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. कायद्याने असा उमेदवार कामगार मानला जात नाही आणि मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. हे आधी न सांगितल्यामुळे वर्षअखेरीस गावी परतलेला मुलगा स्वतःला फसविला गेलेला समजतो. वास्तविक त्याच्या हाती राष्ट्रीय प्रमाणपत्र व अनुभव असतो आणि पुढील भरतीत त्याचा उपयोग होऊ शकतो. विद्यावेतनी प्रशिक्षणार्थीची वाट याहून निराळी आहे. या दोहोंतील भेद शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा.

दुसरी गोष्ट खर्चाची. आसेगावहून तारापूर किंवा तुर्भे म्हणजे राज्याचे दुसरे टोक. सात हजार रुपयांत मुंबई वा पालघरकडे खोलीभाडे व जेवण भागविणे कठीण जाते. अनेक गुणी मुले निवड होऊनही जात नाहीत ती याच कारणाने. अर्ज करण्यापूर्वीच राहण्याची सोय संस्था करते किंवा नाही, हे जाहिरातीत पाहावे. काही जाहिरातींत प्रकल्पालगतच्या गावांना अग्रक्रम दिलेला असतो, तेही वाचावे. खर्च झेपणारा नसेल तर पहिली उमेदवारी पारसला किंवा जवळच्या एखाद्या कारखान्यात करून मग विद्यावेतनी परीक्षेची तयारी करणे, हा व्यवहार्य मार्ग होय.

गावाने काय करावे

अशा जाहिरातींची मुदत थोडी असते आणि ती गावात कळेपर्यंत बहुधा उलटून जाते. ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर आणि शाळेत या जाहिराती लावण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. शिकाऊ उमेदवारीच्या शासकीय संकेतस्थळावर नावनोंदणी करण्यास ग्रामपंचायतीच्या संगणक केंद्राची मदत मिळू शकते.

कागदपत्रांचा प्रश्नही मोठा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, अशी तफावत वारंवार आढळते. ती नववी-दहावीतच दुरुस्त करून घ्यावी. जातीचे व अधिवासाचे दाखले वेळीच काढून ठेवावेत. अणुशक्ती क्षेत्रातील नेमणुकीपूर्वी पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते, याचीही तरुणांना जाणीव असावी. भरतीसाठी पैसे मागणारा मध्यस्थ आढळल्यास त्याला थारा देऊ नये. निवड गुणवत्तेवर व परीक्षेवर होते आणि अर्जाच्या अधिकृत शुल्काखेरीज कोणालाही काही द्यावे लागत नाही.

शिक्षकांचे काम याहून मूलगामी आहे. विद्यावेतनी परीक्षेत प्रामुख्याने गणित, विज्ञान व व्यवसायाचे ज्ञान यांची कसोटी लागते. त्याचा पाया आठवी ते दहावीत घातला जातो. शाळेची एखादी सहल पारसच्या वीजकेंद्राला, रीतसर परवानगी घेऊन, नेता आली तर टर्बाइन म्हणजे काय हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०४७ सालापर्यंत १०० गिगावॉट, म्हणजे एक लाख मेगावॉट, अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. ते गाठावयाचे तर शास्त्रज्ञांबरोबरच हजारो जोडारी, संधाते आणि वीजतंत्री लागतील. त्यांत वाशीम जिल्ह्यातील किती असतील, हे बऱ्याच अंशी गावातील फलकावर वेळेवर लागणाऱ्या एका कागदावर, बिनचूक भरलेल्या अर्जावर आणि शाळेत नीट शिकविलेल्या गणितावर अवलंबून आहे. ही तिन्ही कामे आसेगावातच होऊ शकतात आणि त्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.